केव्हिंगच्या (गुहाभ्रमंतीच्या) हेडलॅम्पसाठी रिचार्जेबल सेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उघड्यावर रात्री दिवा बंद पडला तर चांदणं असतं, लांबवर कुठेतरी उजेड असतो. गुहेच्या आत तसं काहीही नसतं; डोळे कितीही वेळ सरावू दिले तरी स्वतःचा हात दिसत नाही. त्यामुळे इथे सेल निवडताना 'सर्वांत जास्त वेळ कोणता चालतो' यापेक्षा 'कोणता सेल कधी संपणार हे आधी सांगता येतं' हा प्रश्न मोठा आहे. खालची उत्तरं याच नजरेतून लिहिली आहेत.

निकेल-मेटल हायड्राइड घ्यावेत की लिथियम-आयन?

दिवा आधीच घेतलेला असेल तर निवड बरीचशी झालेली आहे. एए किंवा एएए सेलवर चालणाऱ्या दिव्यात निकेल-मेटल हायड्राइड, आणि १८६५० किंवा २१७०० मापाच्या दिव्यात लिथियम-आयन. हे आकडे म्हणजे मापच आहे: १८६५० चा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५, तर २१७०० चा व्यास २१ आणि लांबी ७०. शेवटचं शून्य सेल गोल नळीच्या आकाराचा असल्याची खूण आहे.

दिवा अजून घ्यायचा असेल तर वजनाचा हिशेब करून बघा. चांगला एए निकेल सेल १.२ व्होल्टचा आणि साधारण २००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) असतो, म्हणजे २.४ वॅट-तास. असे चार सेल मिळून ९.६ वॅट-तास होतात आणि वजन शंभर ग्रॅमच्या वर जातं. ३५०० एमएएचचा एक १८६५० सेल ३.६ व्होल्टच्या हिशेबाने १२.६ वॅट-तास देतो आणि त्याचं वजन ४५ ते ५० ग्रॅम असतं. तितक्याच वजनात जवळजवळ तिप्पट ऊर्जा. हेल्मेटच्या मागे आठ-दहा तास वजन वागवणाऱ्या मानेला हा फरक कळतो. सरपटत जायच्या अरुंद वाटेत हेल्मेटमागची सेलची पेटी छताला घासते, तिथे तर लहान पेटीचा फायदा आणखी जाणवतो.

तरीही निकेल बाद होत नाही. तो धसमुसळा वापर सहन करतो, चुकून पूर्ण उतरला तरी सहसा वाचतो, त्याला लिथियम-आयनसारखी आग लागत नाही, आणि एएचा दिवा अडीअडचणीला कुठल्याही साध्या सेलवर चालतो. आमचं मत स्पष्ट आहे: मुख्य दिवा १८६५० किंवा २१७०० वर चालणारा, आणि राखीव दिवा एए किंवा एएएवर चालणारा. दोन दिव्यांचे सेल वेगळ्या जातीचे असले की एकच कमजोरी दोघांना एका वेळी गाठत नाही.

९९०० एमएएच लिहिलेला १८६५० स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

नाही. एवढी क्षमता या मापाच्या सेलमध्ये मावतच नाही. अनेक वर्षं चांगल्या कारखान्यांचे १८६५० सेल ३४०० ते ३६०० एमएएचवर थांबले होते. अलीकडे मोजके सेल ४०००च्या आसपास गेले आहेत. २१७०० मध्ये ४००० ते ५००० सर्रास मिळतात आणि अगदी नवे ६०००पर्यंत पोहोचले आहेत. याच्या वरचा आकडा छापणारा विक्रेता बाकीच्या गोष्टीही खऱ्या सांगत नसणार.

ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सेल ठेवा. खरा, जास्त क्षमतेचा १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या खाली सहसा जात नाही. ३०-३५ ग्रॅम भरला तर आत जुना किंवा लहान सेल घालून वरून नवं वेष्टन चढवलं आहे असं समजा.

मग कोणते सेल भरवशाचे?

सेल प्रत्यक्ष बनवणारे कारखाने मोजकेच आहेत: पॅनासोनिक, सॅमसंग एसडीआय, एलजी, मुराता (सोनीचा सेलचा धंदा आता यांच्याकडे आहे) आणि मोलिसेल. दिव्यांच्या कंपन्या बहुधा याच कारखान्यांचे सेल घेतात, त्यावर संरक्षक सर्किट आणि स्वतःचं वेष्टन चढवून विकतात. त्यात काही गैर नाही, फक्त आतला सेल कोणाचा आहे हे कंपनीने उघडपणे सांगितलेलं असावं.

१८६५० मध्ये पॅनासोनिकचा एनसीआर१८६५०जीए, एलजीचा एमजे१ आणि सॅमसंगचा ३५ई हे तीन ३५०० एमएएचच्या आसपासचे जुने, पारखलेले सेल आहेत. केव्हिंगला लागणारा एक ते चार अँपिअरचा प्रवाह तिघंही आरामात देतात. वेपिंगसाठी (ई-सिगारेटसाठी) बनवलेल्या २५-३० अँपिअरच्या सेलमागे धावू नका. प्रवाह वाढवण्यासाठी त्यांत क्षमता कमी केलेली असते आणि गुहेत त्या प्रवाहाचा काही उपयोग नसतो.

वेष्टनावरच्या अक्षरांकडे एकदा बघून घ्या. आयएनआर, आयसीआर आणि आयएमआर हे लिथियम-आयनचे प्रकार, सगळे पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचे (काही मोजक्या सेलना ४.३५ व्होल्ट लागतात, ते टाळा). आयएफआर म्हणजे लोह-फॉस्फेट, ३.२ व्होल्टचा. तो सुरक्षित आणि दीर्घायुषी आहे, पण साध्या लिथियम-आयन चार्जरवर लावला तर प्रमाणाबाहेर चार्ज होतो आणि बऱ्याच दिव्यांना तो सुरुवातीपासूनच 'उतरलेला' वाटतो.

संरक्षक सर्किट असलेला सेल घ्यावा की नसलेला?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर दिव्यावर अवलंबून आहे.

संरक्षक सर्किट म्हणजे सेलच्या ऋण टोकाला चिकटवलेली छोटी गोल चकती. तिथून धातूची एक पातळ पट्टी वेष्टनाखालून धन टोकापर्यंत जाते. बोट फिरवलं की ती हाताला लागते. सेल प्रमाणाबाहेर चार्ज झाला, साधारण २.५ व्होल्टच्या खाली उतरला किंवा शॉर्ट झाला, की हे सर्किट प्रवाह तोडतं. घरात हे वरदान आहे. गुहेत मात्र त्याची दुसरी बाजू दिसते: सर्किट तोडतं तेव्हा उजेड मंद होत नाही, एका क्षणात जातो. काही सर्किटं सेल काढून पुन्हा घातला की जागी होतात, काहींना चार्जर लावावाच लागतो, आणि चार्जर असतो वर, वाहनात.

दुसरी अडचण यांत्रिक आहे. ही चकती स्पॉट-वेल्डने जोडलेली असते. हेल्मेट वारंवार दगडावर आपटलं की जोड ढिला होऊ शकतो आणि मग सेल कधी चालतो, कधी नाही. असा सेल घरी टेबलावर तपासला तर बहुधा व्यवस्थित चालतो, म्हणून दोष लवकर सापडत नाही.

आमचा नियम असा आहे. दिव्यातच कमी व्होल्टेजला उजेड टप्प्याटप्प्याने उतरवून शेवटी बंद करण्याची सोय असेल, आणि दिव्याच्या माहितीपत्रकात विनासंरक्षण सेल चालतात असं लिहिलं असेल, तर नामांकित कारखान्याचा विनासंरक्षण सेल जास्त भरवशाचा. दिव्यात अशी सोय नसेल, किंवा आहे की नाही याची खात्री नसेल, तर संरक्षित सेलच घ्या. नाहीतर दिवा सेलला दोन व्होल्टच्या खाली ओढून नेतो आणि तो सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं होतं. एकापेक्षा जास्त सेल एकामागे एक जोडणाऱ्या दिव्यात, कंपनीने उलट सांगितलं नसेल तर, संरक्षित सेलच वापरा.

आपल्या दिव्यात अशी सोय आहे का, हे घरी बघता येतं. मध्यम उजेडावर दिवा लावून ठेवा आणि उजेड पहिल्यांदा उतरल्यापासून पूर्ण बंद होईपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहून ठेवा. बंद झाल्यावर सेल काढून मल्टिमीटरने मोजा. २.८ ते ३.० व्होल्टच्या आसपास थांबला असेल तर दिवा आपलं काम करतोय. मीटर शून्याजवळ दाखवत असेल तर दिव्याने नव्हे, सेलच्या सर्किटने वीज तोडली आहे. म्हणजे हा दिवा सेलची काळजी घेत नाही. ही चाचणी संरक्षित सेल घालूनच करा आणि दिव्यावर लक्ष ठेवा.

नवा सेल दिव्यात बसत नाही, किंवा बसतो पण दिवा लागत नाही. असं का?

बहुतेक वेळा लांबीमुळे किंवा टोकामुळे. संरक्षक सर्किट आणि धन टोकावरच्या उंचवट्यामुळे (बटणामुळे) ६५ मिलिमीटरचा सेल ६७ ते ७० मिलिमीटरचा होतो. तो घट्ट पेटीत कोंबला की स्प्रिंग दबून कायमची बसते, आणि नंतर आखूड सेल घातला की तो आत खडखडतो.

उलट बाजूने, काही दिव्यांत सेल उलटा बसू नये म्हणून धन टोकाच्या तबकडीभोवती प्लास्टिकची उंच कड असते. सपाट टोकाचा सेल त्या कडेमुळे तबकडीपर्यंत पोहोचतच नाही. अशा दिव्याला बटण टोकाचाच सेल लागतो. मधल्या फटीत चुंबकाचा तुकडा घालून काम भागवण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. धक्क्याने चुंबक सरकला तर तो धन टोक आणि सेलची कड यांना जोडतो, म्हणजे थेट शॉर्ट.

एए निकेल सेल २००० एमएएचचे घ्यावेत की २५०० चे?

२०००चे. २००५ मध्ये सान्योने एनेलूप बाजारात आणल्यापासून कमी स्वयं-विसर्जनाचे (पडल्या पडल्या कमी उतरणारे) सेल मिळू लागले. चार्ज करून वर्षभर ठेवले तरी त्यांत बहुतांश विद्युतभार शिल्लक असतो. त्याआधीचे निकेल सेल काही आठवड्यांतच बराच भार गमवायचे. या जातीतही जास्त क्षमतेचे सेल आहेत, पण जादा ५०० एमएएच मिळवताना चार्जिंगच्या फेऱ्या खूप कमी होतात आणि ते लवकर थकतात. कपाटात पडून राहिलेला राखीव दिवा हातात घ्याल तेव्हा लागला पाहिजे. त्यासाठी २०००चा साधा सेल अधिक खात्रीचा.

१.५ व्होल्टचे 'लिथियम' एए सेल चालतील का?

या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यांची गल्लत महागात पडते.

पहिली, एकदाच वापरायचे लिथियम-आयर्न डायसल्फाइड सेल. हे रिचार्ज होत नाहीत. वजन सुमारे १५ ग्रॅम, उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात, वर्षानुवर्षं टिकतात. राखीव दिव्यात कायम ठेवायला यांच्यापेक्षा चांगलं काही नाही.

दुसरी, आत लहान लिथियम-आयन सेल आणि व्होल्टेज १.५ वर आणणारं सर्किट असलेले रिचार्जेबल एए. हे शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देतात आणि मग एकदम थांबतात. दिव्यावरचा बॅटरी दर्शक तोपर्यंत 'पूर्ण' दाखवत असतो. मुख्य दिव्यात हे वापरू नयेत असं आम्ही ठामपणे सांगतो.

तिसरी वस्तू १४५००. दिसायला हुबेहूब एए, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट. तीन एएच्या दिव्यात असे तीन घातले तर ४.५ ऐवजी १२.६ व्होल्ट जातील आणि दिवा जळेल. दिव्यावर १४५०० चालतो असं लिहिलं असेल तरच घ्या, आणि एएच्या डब्यात ते कधीही ठेवू नका.

किती सेल न्यायचे, हे कसं ठरवायचं?

लुमेनवरून (लुमेन म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) वॅट काढा. आजच्या चांगल्या दिव्यात १०० लुमेनला सेलमधून साधारण एक वॅट जातो. म्हणजे १२.६ वॅट-तासांचा १८६५० सेल १०० लुमेनवर कागदावर बारा तासांच्या जवळपास चालेल. त्यातून थंडीसाठी आणि सेलच्या वयासाठी पाव हिस्सा वजा करा. उरतात नऊ तास. चालण्याच्या, चढण्या-सरपटण्याच्या वाटेवर ५० ते १०० लुमेन पुरतात. मोठ्या दालनात किंवा खोल उभ्या भोकात दोर लावताना ३०० ते १००० लागतात, आणि हजार लुमेनवर तोच सेल तासाभरात रिकामा होतो. म्हणून उजेड जास्त कधी आणि किती मिनिटं लागेल याचा वेगळा अंदाज धरा.

आता मोहिमेचा अपेक्षित वेळ दुप्पट करा. आठ तासांत परतायचं असेल तर सोळा तासांचा उजेड सोबत हवा. वाट चुकणं, पाणी वाढून अडकून पडणं, कुणाला दुखापत होणं, यांतलं काहीही झालं तरी वेळ सहज दुप्पट होतो. सोळा तास म्हणजे वरच्या हिशेबाने दोन सेल, आणि जास्त उजेडाच्या कामासाठी तिसरा.

हा झाला मुख्य दिव्याचा हिशेब. प्रत्येकाकडे उजेडाची तीन स्वतंत्र साधनं असावीत हा केव्हिंगमधला जुना नियम त्याच्या वर आहे. 'स्वतंत्र' म्हणजे स्वतःच्या सेलसह. दोन दिवे आणि त्यांत आलटून पालटून घालायचा एकच सेल, हे एकच साधन झालं. राखीव दिव्याचा उजेड एवढा हवा की त्यावर गुहेबाहेर पडता येईल. बोटाएवढा किल्लीचा दिवा त्यात मोजू नका.

थंड गुहेत सेल लवकर का संपतात?

गुहेच्या आतलं तापमान साधारणपणे त्या परिसराच्या वार्षिक सरासरी तापमानाएवढं असतं आणि वर्षभर फारसं बदलत नाही. उंच पर्वतांतल्या गुहांत ते जेमतेम दोन-पाच अंश असतं. एवढ्या थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि आतला रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) वाढतो. मध्यम उजेडावर लिथियम-आयन सेल शून्य अंशाला आपल्या क्षमतेचा साधारण दहावा ते पाचवा हिस्सा गमावतो. पूर्ण उजेडावर परिणाम जास्त दिसतो, कारण मोठा प्रवाह ओढताना व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि दिव्याला सेल संपल्यासारखा वाटतो.

अशा वेळी उजेड कमी करा. सेल बहुधा पुन्हा चालू लागतो. राखीव सेल पाठीवरच्या पिशवीत न ठेवता आतल्या कपड्याच्या खिशात, डब्यात घालून ठेवा. अल्कलाइन सेल थंडीत याहून कितीतरी वाईट वागतात, म्हणून राखीव दिव्यात ते नकोत.

चार्जर कसा निवडावा?

प्रत्येक सेलला स्वतंत्र वाहिनी असलेला, व्होल्टेज आणि क्षमता दोन्ही दाखवणारा. जोडीने चार्ज करणारे चार्जर निकेल सेलचं नुकसान करतात: दोघांतला कमजोर आधी भरतो आणि दुसरा भरेपर्यंत तापत राहतो.

निकेल सेल भरला हे चार्जरला व्होल्टेजच्या किंचित उतारावरून कळतं. प्रवाह फार कमी असला तर हा उतार दिसतच नाही आणि चार्जिंग चालूच राहतं. २००० एमएएचच्या एएला ५०० ते १००० मिलिअँपिअर योग्य. 'रात्रभर लावा' असं सांगणारे, नुसत्या वेळेवर चालणारे चार्जर टाळा.

लिथियम-आयनला क्षमतेच्या निम्म्यापर्यंतचा प्रवाह पुरे. ३५०० एमएएचचा सेल एक अँपिअरवर चार तासांच्या आसपास भरतो. चार्जर नवा असेल तर पहिल्या वेळी सेल काढल्या काढल्या मल्टिमीटरने मोजा. ४.१५ ते ४.२० व्होल्ट ठीक, ४.२५ किंवा जास्त आलं तर तो चार्जर वापरू नका. शून्य अंशाखाली गार असलेला सेल कधीही चार्ज करू नये: आतल्या ऋण इलेक्ट्रोडवर धातुरूप लिथियम साचतं, ते परत विरघळत नाही आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. गुहेतून आणलेला सेल आधी पुसून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच चार्जरला लावा.

दिव्यातच किंवा सेलवरच यूएसबी चार्जिंगचं भोक असलेलं बरं नाही का?

प्रवासात सोयीचं आहे, पण गुहेत ते एक जादा छिद्र आहे. रबरी झाकणाखाली चिखल बसतो, झाकण नीट लागत नाही आणि हवेतली आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ असते. असा दिवा असेल तर चार्ज करण्याआधी भोक पूर्ण कोरडं आहे ना हे बघा. ओल्या टोकांवरून वीज गेली की ती गंजतात. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सेल काढता येतो का. ज्या दिव्यातला सेल बदलता येत नाही तो मुख्य दिवा म्हणून घेऊ नका.

नवे सेल आणले. थेट न्यावेत का?

आधी एकदा मोजून घ्या. पूर्ण चार्ज करा, आठवडाभर तसेच ठेवा, पुन्हा व्होल्टेज बघा. लिथियम-आयन सेल ४.१५च्या आसपास असला पाहिजे, ४.१च्या खाली गेला तर तो आतल्या आत उतरतोय. नंतर क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर अर्ध्या अँपिअरने उतरवा आणि आलेला आकडा सेलवर तारखेसह लिहा. निकेल सेलना पूर्ण क्षमतेला यायला तीन-चार फेऱ्या लागतात, त्यामुळे पहिल्याच आकड्यावरून त्यांना नापास करू नका.

हीच मोजणी वर्षातून एकदा करा. क्षमता छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेली की सेल मुख्य दिव्यातून काढा आणि घरच्या टॉर्चमध्ये वापरा. आतला रोध नव्याच्या दुप्पट झाला असेल तर क्षमता चांगली दिसत असली तरी काढा. तोच सेल थंडीत अचानक मान टाकतो.

तीन-चार सेलच्या दिव्यात एकच सेल बदलला तर चालतं का?

नाही. एकामागे एक जोडलेल्या सेलमध्ये सर्वांत कमजोर सेल आधी रिकामा होतो. बाकीचे अजून भरलेले असल्याने ते त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात आणि त्याचं धन-ऋण उलटं होतं. निकेल सेल यात खराब होतो आणि वायू सोडू शकतो. लिथियम-आयन सेल धोकादायक होतो. म्हणून संच एकत्र घ्या, एकत्र चार्ज करा, एकत्र निवृत्त करा. मार्करने संचाचं अक्षर आणि महिना-वर्ष लिहा: 'क १', 'क २' असं. वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या वयाचे किंवा निम्मे भरलेले सेल एकत्र घालू नका.

सरपटताना दिवा लुकलुकतो आणि आपोआप वेगळ्या उजेडावर जातो. सेल खराब आहे का?

शक्यतो नाही. धक्क्याने सेल स्प्रिंगपासून क्षणभर सुटतो, दिव्याला वाटतं की वीज गेली, आणि तो सुरुवातीच्या स्थितीत येतो. स्प्रिंग ताणून बघा, सेल आखूड आहे का ते बघा. मग टोकं तपासा. चिखलाचा वाळलेला पातळ थर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं की कापूस करडा होतो. झाकणाचे आटे आणि रबरी कडी स्वच्छ करा आणि दिव्याच्या कंपनीने सांगितलेलंच ग्रीस अगदी थोडं लावा. पेट्रोलियम जेली काही रबरं फुगवते.

सेल बदलायचा असेल तर शक्य तितक्या कोरड्या, सपाट जागी बसा, दुसरा दिवा आधी लावा, हात पुसा. वाळूचा एक कण रबरी कडीवर राहिला तरी पाणी आत जायला तेवढं पुरतं.

वेष्टन फाटलं आहे, बाकी सेल ठीक दिसतो. वापरावा का?

लिथियम-आयन सेलचं अख्खं धातूचं नळकांडं ऋण असतं, अगदी धन टोकाभोवतीची कडसुद्धा. त्या दोघांत एका पातळ कागदी चकतीएवढं आणि वेष्टनाच्या दुमडलेल्या कडेएवढंच अंतर आहे. वरच्या कडेला वेष्टन फाटलं की दिव्याची धातूची तबकडी दोघांना एकदम टेकू शकते. नवं वेष्टन आणि नवी चकती मिळते, हेअर ड्रायरने आवळून बसवता येते. पण नळकांड्याला खड्डा पडला असेल तर तो सेल बाद.

सुटे सेल कधीही खिशात किंवा कॅराबिनर (दोराला अडकवायच्या धातूच्या कड्या), बोल्ट, किल्ल्या असलेल्या पिशवीत टाकू नका. प्रत्येक सेलला वेगळा कप्पा असलेला प्लास्टिकचा डबा घ्या आणि तो जलरोधक पिशवीत ठेवा. डब्यात भरलेले सेल बटण वर करून आणि वापरलेले उलटे, अशी सवय गटातल्या सगळ्यांनी लावून घ्यावी, म्हणजे अंधारातही बोटाने कळतं.

गुहेत सेल तापला, फुसफुसला किंवा वास आला तर?

दिवा डोक्यावरून काढा, शक्य असेल तर सेल बाहेर न काढता दिवा तिथेच दगडावर ठेवा आणि सगळे दूर व्हा, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला. लिथियम-आयन सेलच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो आणि अरुंद वाटेत तो साचतो. पूर्ण गार झाल्यावर, बऱ्याच वेळाने, तो बाहेर न्यायचा.

सेलमधलं द्रव दोरावर किंवा हार्नेसवर सांडलं तर धुऊन पुन्हा वापरू नका. पूर्वी खाणकामगारांच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या गुहेत वापरत, तेव्हा त्यातलं आम्ल नायलॉनला बाहेरून न दिसता कमकुवत करायचं. आजच्या निकेल आणि अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं; तीव्र अल्कली पॉलिएस्टरला खाते. दोर कोणता, द्रव कोणतं, याचा विचार करत बसण्यापेक्षा तो दोर बाद करा.

मोसम संपला. सेल कसे ठेवायचे?

लिथियम-आयन सेल ३.६ ते ३.८ व्होल्टवर, दिव्याबाहेर, गार आणि कोरड्या जागी. पूर्ण भरून उन्हाळाभर ठेवलेला सेल न वापरताच म्हातारा होतो. निकेल सेल भरून ठेवले तरी चालतात. अधूनमधून एकदा उतरवून पुन्हा भरा. दिवा बंद असतानाही त्याचं बटण-सर्किट थोडी वीज खात असतं, म्हणून सेल आतच राहिला तर काही महिन्यांत पार उतरू शकतो. पाणी आत न जाणाऱ्या दिव्याचं झाकण मोहिमेनंतर उघडून ठेवा. आतली वाफ आणि सेलने सोडलेला वायू दोन्ही निघून जातात.

दूरच्या मोहिमेला विमानाने जायचंय, तळावर वीज नाही. काय करावं?

सुटे लिथियम-आयन सेल केबिनमधल्या सामानातच न्यावे लागतात, टोकं झाकून. एका बॅटरीची मर्यादा सहसा १०० वॅट-तास असते. १८६५० त्याच्या खूप खाली आहे. नग किती न्यायचे याची मर्यादा विमान कंपनीकडून आधी विचारून घ्या.

पॉवर बँकेचा हिशेब वॅट-तासांत करा. १०,००० एमएएच म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टवर ३७ वॅट-तास. व्होल्टेज बदलताना आणि चार्जरमध्ये होणारी तूट धरली तर त्यातून ३५०० एमएएचचे दोन सेल पूर्ण भरतात, तिसरा अर्धवट राहतो.

निकामी सेलचं काय करायचं?

टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात टाकलेला लिथियम-आयन सेल कचऱ्याच्या गाडीत दाबला जाऊन पेटू शकतो. गुहेत एकही सेल मागे ठेवू नका, पुरून तर मुळीच नाही: तिथून झिरपणारं पाणी थेट झऱ्यात जातं. आणि आत कुणाचे जुने, गंजलेले सेल सापडले तर हातमोजे घालून, जाड पिशवीत बांधून बाहेर आणा.